खरकट्या हातांची श्रवणभक्ती

व्याख्यान म्हटलं की सतरंजी पाहिजे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. सतरंजी, तिच्यापुढे टेबल, टेबलावर तांब्याभांडं आणि तांब्याभांड्यामागे वक्ता. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावच्या व्याख्यानमालांनी हे नेपथ्य काही बदललेलं नाही. फार तर सतरंजीच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. श्रोत्यांचे प्रकारही ठरलेले. पहिल्या रांगेत डोळे मिटून चिंतन करणारे (हे चिंतन कधी कधी घोरतं), मधल्या रांगेत घड्याळ बघणारे, आणि शेवटच्या रांगेत, आपली चप्पल नजरेच्या टप्प्यात राहील अशा बेतानं बसणारे. या तिन्हींत न बसणारा, खरं म्हणजे कुठेच न बसणारा, असा एक चौथा श्रोता गेल्या काही वर्षांत निपजला आहे. तो उभा असतो. त्याचे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात असतात. मोबाईलमधला वक्ता त्याला दिसत नाही, आणि वक्त्याला तर तो जगात आहे हेच ठाऊक नाही.

मी त्या चौथ्या जातीतली. नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, साड्यांच्या सेलचीसुद्धा होते. पण ओट्याशी उभं राहून ऐकायच्या व्याख्यानांची समीक्षा कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी दिवसाला तीन व्याख्यानं ऐकते. एक भांड्यांचं, एक पोळ्यांचं, एक कपड्यांच्या घड्यांचं. समीक्षकाला एवढा व्यासंग पुरे झाला.

आधी माझं सभागृह सांगते. नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या कंडक्टरपुढे तोंडातून अजून 'नगर'च निघतं) सावेडीत आमचं तीन खोल्यांचं घर आहे. स्वयंपाकघर एवढं की एका वेळी एकच माणूस चिडू शकतो. मोबाईलचा आवाज नळापुढे टिकत नाही म्हणून मी तो एका रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा करते. आवाज असा घुमतो, की वाटावं टाऊन हॉल भरलाय! पितळेच्या पातेल्यातही करून पाहिलं. पण पितळेत आवाज जरा कीर्तनाच्या अंगानं जातो. विज्ञानाला स्टीलच बरं.

तुम्ही म्हणाल, हा रिकामटेकड्या बाईचा उद्योग आहे. तर थोडा हिशेब ऐका. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2024 साली देशातले लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष 88 मिनिटं, असं तिच्यात निघालं. आमच्या ह्यांनी ही बातमी पेपरातून मोठ्यानं वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "अठ्ठ्याऐंशी? कोण माणसं आहेत ही?" मला मात्र दुसराच आकडा दिसत होता. 289 मिनिटं म्हणजे कॉलेजचे जवळजवळ पाच तास. रोज. रविवार धरून, दिवाळीची सुटी नाही, संप नाही, मागच्या बाकावरची टिंगल नाही. एवढा नियमित वर्ग कुठल्या कुलगुरूला मिळाला आहे?

आणि तो मिळावा म्हणून सरकारनं काही केलं नाही असंही नाही. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 साली एनपीटीईएल ही योजना काढली; मोठमोठ्या प्राध्यापकांचे तासच्या तास त्यात कुणालाही फुकट ऐकता येतात. 2017 साली 'स्वयम्' आलं. घरबसल्या शिका, म्हणाले. 'घरबसल्या' हा शब्द ज्यानं काढला तो घरात बसत असणार. बाकीच्या माणसांचं काय करायचं?

आता मूळ मुद्दा. ही व्याख्यानं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो श्रोता असतो त्याला दोन मोकळे हात आणि दोन मोकळे डोळे असतात. सुरुवातच बघा ना. "नमस्कार मित्रांनो." इतिहास असो, अर्थशास्त्र असो, कृष्णविवर असो, मित्रांनो! 'मैत्रिणींनो' ऐकू आलं की समजावं, पुढे इडलीचं पीठ आहे. नमस्कार झाला की लगेच घंटीचं बटण दाबायची आज्ञा होते. माझे हात कणकेत. कणकेच्या हातानं मोबाईलला स्पर्श केला तर पुढचे आठ दिवस तो पोळीसारखा वास देतो. मग येतं ते खास वाक्य, "आता ही आकृती नीट पाहा." आणि त्यानंतर तो सद्गृहस्थ फक्त 'हे' आणि 'ते' या दोन शब्दांत बोलायला लागतो. "हे जे आहे ते इकडून असं येतं, याला छेदतं, आणि मग हे त्याच्याबरोबर होतं." काय येतं, कुणाला छेदतं? शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण ऐकल्यासारखं वाटतं. नाट्य सगळं कळतं, नावं कळत नाहीत.

वक्त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी मी त्याचे गुण कापत नाही. कुकरची शिट्टी ही दैवी आपत्ती आहे. मिक्सर मात्र शहाण्या वक्त्यानं गृहीत धरला पाहिजे. पानिपतच्या लढाईवरचं एक व्याख्यान मी तीनदा ऐकलं. तीनदा वक्ता म्हणाला, "मराठ्यांच्या पराभवाचं खरं कारण असं की..." आणि तीनदा शेंगदाण्याच्या चटणीची वेळ झाली. मिक्सर थांबला की ऐकू यायचं, "...आणि म्हणूनच 14 जानेवारी 1761 हा दिवस आपण विसरू शकत नाही." सबंध तासाच्या भाषणात ते कारण त्या भल्या माणसानं एकदाच सांगितलं होतं. ज्या कारणानं एवढं मोठं सैन्य कापलं गेलं ते दोनदा सांगायला काय हरकत होती?

यावर आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की ऐकायचं तर हातातलं काम खाली ठेवून ऐकावं. एका वेळी दोन केलं की दोन्ही बिघडतं. हे म्हणताना हे स्वतः एका हातानं चहा पीत, दुसऱ्या हातानं पेपर उलटत, टीव्हीवरची मॅच ऐकत होते, ते सोडा. पण हात गुंतलेले असले की डोकं बंद पडतं, हे नगरच्या माणसानं तरी म्हणू नये. आमच्या भुईकोट किल्ल्यात 1942 पासून 1945 पर्यंत पंडित नेहरू कैदेत होते. त्यांनी तिथं बागेसाठी खणायला सुरुवात केली. जमीन खडकाळ. कुदळीला जुन्या भिंती, कमानींचे अवशेष लागायला लागले, आणि खणता खणता त्यांच्या मनात चांदबिबी आली, किल्ल्याचा सगळा इतिहास आला. पुढे 1944 साली त्यांनी कुदळ ठेवून लेखणी घेतली आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं; त्याच्या पहिल्याच प्रकरणात हे खणकाम आहे. हाताला काम मिळालं की मन मोकळं सुटतं. खुर्चीत नुसतं बसलेलं मन झोपतं. पहिल्या रांगेचा दाखला वर दिलाच आहे.

पण आपला खरा दाखला किल्ल्यातला नाही, नेवाशातला. मराठीतलं सर्वांत मोठं व्याख्यान नगर जिल्ह्यातच झालं, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेच्या काठी. ज्ञानेश्वर बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतलं. विषय साधा नव्हे, गीता. ओव्या नऊ हजार. आता यातली ओवी कुठून आली? पंडितांच्या सभेतून नाही आली. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' ग्रंथात नोंदून ठेवलंय, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या शंभरावर वर्षं आधीपासून ओवीचं घर उखळाशी होतं. जगातलं अवघड तत्त्वज्ञान सांगायला त्या माणसानं छंद निवडला तो कामकरी बाईच्या दमसासाचा.

आणि तो का निवडला असेल हे मला मोरीशी उभं राहून कळलं, ते कुठल्या प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं. ओवी साडेतीन चरणांची. तेवढ्यात ती पुरी होते. मूल रडलं, दूध वर आलं, दारात कुणी आलं, दोन ओव्या गेल्या, तरी तिसऱ्या ओवीला कडी असते. ती धरून परत आत शिरता येतं. शिवाय दाखले कसले? मीठ पाण्यात विरघळतं, दिवा दुसरा दिवा लावतो, लेकरू आईला बिलगतं. म्हणजे ऐकणारीच्या हाताशी जे असतं तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अलीकडच्या काळात खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्यांतल्या कितीतरी बायका शाळेचं तोंड न पाहिलेल्या. दळता दळता ऐकलं, दळता दळता पाठ झालं, त्यात आपली एक घातली. याला शिक्षण म्हणायचं नाही तर मग प्रमाणपत्रालाच म्हणू या.

रेडिओवाल्यांना ही गोष्ट ठाऊक होती. 'वनिता मंडळा'त बोलणारी बाई कधी "ही आकृती पाहा" म्हणाली नाही. ऐकणारी दिसत नाही आणि तिला आपण दिसत नाही, हे धरूनच ती बोलायची. मोबाईलला पडदा आला आणि वक्त्यांची जीभ आळसावली.

तरी ओट्याला चालणारे वक्ते आहेत, आणि त्यांचं कौतुक केल्याशिवाय समीक्षा पुरी व्हायची नाही. प्राचार्य शिवाजीराव भोसले 2010 साली गेले. त्यांची ध्वनिमुद्रणं माझ्या पातेल्यात अजून घुमतात. फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य. तोलून मापून येणारी वाक्यं, एकाला दुसरं जोडलेलं, जणू कापडाचा तागा उलगडतोय. घड्यांच्या कामाला त्यांच्यासारखा वक्ता नाही. चादरीची शेवटची घडी आणि त्यांचा पूर्णविराम एकदम पडतात. कणीक मात्र त्यांच्या भाषणावर तिंबू नये. आवेश चढला की हात थांबतो. डॉ. जयंत नारळीकरांची मराठी भाषणं मी भांड्यांना लावते. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, त्या दिवशी मुद्दाम एक लावलं होतं. त्यांच्या आवाजात घाई नाही, आव नाही. विश्व किती मोठं आहे हे ते अशा बेतानं सांगतात, की ऐकणारी व्यक्ती लहान होत नाही. हा गुण फार थोड्यांत असतो. बाकीचे विश्वाचा आकार सांगताना तो जणू आपल्याच मालकीचा असल्यासारखा सांगतात.

आता समीक्षेतला अवघड भाग. कडी कशी ठेवायची, दाखला कुठून आणायचा, कुठे हसवायचं, कुठे परत मूळ मुद्द्यावर यायचं, ही नेवाशाची विद्या आज कुणाकडे शिल्लक आहे? कीर्तनकारांकडे. आमच्याच जिल्ह्यातल्या निवृत्ती महाराज इंदुरीकरांची कीर्तनं घ्या. नगर जिल्ह्यात स्वयंपाकघरातून, टपरीवरून, ट्रॅक्टरवरून त्यांचा आवाज ऐकू आला नाही असा दिवस जायचा नाही. कारागिरी म्हणून पैकीच्या पैकी गुण. मध्ये दहा मिनिटं मिक्सर चालू ठेवा, काही सुटत नाही. पण कारागिरी निराळी आणि सांगितलेली गोष्ट निराळी. मुलगा की मुलगी हे सम-विषम तिथीवर ठरतं, अशा विधानावरून 2020 साली वाद झाला, महाराजांनी दिलगिरी व्यक्त केली, प्रकरण कोर्टातही गेलं. मुलगा-मुलगी कशावर ठरतं हे दहावीच्या पुस्तकात आहे. ते ज्या प्राध्यापकांना ठाऊक आहे, ते 'हे' आणि 'ते' करत आकृती दाखवत बसले आहेत. सांगण्यासारखं आहे त्याला सांगता येत नाही आणि सांगता येतं त्याला... असो.

यात हसण्यासारखं थोडंच आहे, कारण खरकट्या हातांच्या श्रोत्याची एक अडचण सभागृहातल्या श्रोत्याला नसते. तो उठून जाऊ शकतो. आमचे हात ओले. नारळीकर संपले की मोबाईल आपण होऊनच पुढचं काहीतरी लावतो, आणि पुढचं काय असेल हे त्याचं तोच ठरवतो. तारे संपले आणि एक गृहस्थ लागले. लिंबू-कोमट पाण्यानं कुठकुठले रोग पळतात हे ठणकावून सांगत होते. हात पुसून बंद करेपर्यंत चार रोग पळाले होते. शिवाय काम करताना माणूस ऐकतो, वाद घालत नाही. वाद घालायला कमरेवर हात ठेवावे लागतात. ओल्या हातांनी ऐकलेलं सरळ आत जातं.

श्रीरामपूरच्या माझ्या जाऊबाई काही भोळ्या नव्हेत. भाजीवाल्याच्या तराजूची दांडी डोळ्यांनी सरळ करणारी बाई! पण रोज सकाळी भाकरी थापताना त्या कुण्या एका आरोग्यवाल्याची भाषणं ऐकायच्या. गोड बोलायचा. 'आई' म्हणायचा. तव्याचा, पिठाचा, चुलीचा दाखला द्यायचा. कडी अशी, की एक भाकरी तव्यावर टाकली की एक मुद्दा पुरा. त्या भाकरीच्या पिठाबरोबर कधीतरी "बी.पी.च्या गोळ्या म्हणजे विष" हेही थापलं गेलं. दीड महिना त्यांनी गोळी घेतली नाही आणि घरात कुणाला सांगितलं नाही. एके सकाळी ओट्याशीच चक्कर येऊन बसल्या. तीन दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, गोळी का बंद केली? म्हणाल्या, "तुम्ही चिठ्ठी लिहून दिलीत. त्यानं समजावून सांगितलं होतं." डॉक्टर चांगले होते, निरुत्तर झाले, आणि खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटं सांगत होते. रक्तदाब म्हणजे काय, नळाला दाब जास्त झाला की जुना पाईप कुठे फुटतो, गोळी तो दाब कसा उतरवते. जाऊबाई आता गोळी नेमानं घेतात. आरोग्यवाला बंद केला का, हे विचारायची माझी छाती झालेली नाही.

हे सगळं मनात असल्यामुळे हल्ली मी काय लावते याबद्दल जरा सावध असते, कारण ऐकणारी मी एकटी नाही. सकाळी भांड्यांना मावशी येतात, नालेगावातून. त्या घासतात, मी ओट्यावर मेथी निवडते, आणि पातेल्यातून कुणीतरी बोलत असतं. मावशी ऐकतात की नाही, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मागच्या महिन्यात ताऱ्यांवरचं एक भाषण चालू होतं. वक्ता तरुण, हुशार, अतिशय घाईत. म्हणाला, आकाशात दिसणारा एखादा तारा आज अस्तित्वात नसेलही. आणि पुढे गेला. मावशींची घासणी थांबली.

"ताई, त्यो तारा मेला म्हनतो ना? मंग दिसतो कसाकाय?"

सबंध भाषणात यापेक्षा चांगला प्रश्न नव्हता, आणि वक्ता तर तोवर दुसऱ्या आकाशगंगेत पोचला होता. मी सांगायला लागले. प्रकाशाला यायला वेळ लागतो. तारा फार लांब आहे. तिथून निघालेला उजेड शेकडो वर्षांनी आपल्याकडे पोचतो... सांगता सांगता लक्षात आलं, की मीही 'हे' आणि 'ते' करायला लागलेय, शिवाय मेथीच्या काडीनं हवेत आकृती काढतेय.

मावशी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आमच्या थोरल्या दिरावानी. गिरनीत व्हता म्हमईला. त्यो गेल्याचा सांगावा आला, आमी त्याला नदीवर पोचवून आलो, अन् तिसऱ्या दिशी पोस्टमन त्याचीच मनिऑर्डर घिऊन दारात. त्यानं आधीच धाडलेली. सासूबाई अंगठा उठवंनात. म्हनल्या, माझं लेकरू हाये, पैशे धाडलेत त्यानं."

मी काही बोलले नाही. पातेल्यातला तरुण विश्वाच्या प्रसरणाबद्दल बोलत होता, छान बोलत होता, आकडे सगळे बरोबर असावेत. मावशींनी हात पदराला पुसले, मोबाईल उचलून फळीवर ठेवला, आणि म्हणाल्या, "ह्ये पातेलं द्या आता. कालपास्नं घासायचं राह्यलंय."